पेटी, पिपा आणि अकरा नंबर

सन दोन हजार चोवीस. माझं वय तेव्हा बहात्तर, आणि शाळा चौथीपर्यंतची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी विचारायला नको की या बुढ्याला एवढं कळलं कसं. कळलं. शिकलेल्या माणसाला जे समजायला संगणक लागतो, ते समजायला मला तीन दिवस आणि सहा एसट्या लागल्या, एवढाच फरक.

आमच्याकडून कारंज्याला पुष्कळ लोक जातात. कोणी देवळात, कोणी कापूस घेऊन, कोणी मुलगी पाहायला. पण शेतातली पेटी थैलीत घालून तिची फिर्याद मांडायला गेलेला मीच पहिला. तुम्ही काही जाणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून लिहून ठेवलं.

घरून निघण्याआधीचं

केनवडपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावाच्या तळ्याखाली चौदा शेतं भिजतात. दिवाळीनंतर कारंज्याच्या एका कॉलेजची माणसं आली आणि प्रत्येक शेतात खांबावर एकेक पेटी लावून गेली. पेटीच्या दोन सुया मातीत. त्या ओल मोजणार, आणि पेटी ते हवेतून गावच्या टाकीवरच्या खांबाला कळवणार. पन्नास वर्षं मी मातीचा गोळा मुठीत दाबून सांगत आलो की पाणी कधी पाहिजे. पण माझ्या मुठीला बॅटरी नाही, त्यामुळं ती जुनी झाली.

पाणी सोसायटीनं ठराव केला: ज्या शेताची पेटी कोरडं सांगेल त्या शेताला आधी पाणी. ज्याची पेटी मुकी, त्याला पाळी नाही. ठरावावर मीही अंगठा... नाही, सही केली. सही येते मला.

आता काळजी कशी घ्यायची ते सांगतो. बाकीच्या तेरा जणांनी पेट्या उघड्या ठेवल्या. ऊन, दव, पाखरांची घाण, सगळं वरून. लोकांना वस्तूची किंमत नाही. मी माझ्या चार नंबरच्या पेटीवर तेलाचा रिकामा पत्र्याचा पिपा पालथा घातला, मोटरच्या स्टार्टरवर घालतो तसा, आणि वारा उडवेल म्हणून वर दगड ठेवला. कॉलेजचा माणूस यायचा असला की पिपा काढून बाजूला ठेवायचो. पाहुण्यासमोर घरचं कापड काढून गादी दाखवतो तसं.

एवढी काळजी घेऊन माझीच पेटी वीस दिवसांत मेली. माणूस आला, बॅटरी बदलून गेला. पुन्हा वीस दिवस, पुन्हा मेली. माझ्या दोन पाळ्या हुकल्या. विहिरीच्या तळाशी होतं तेवढ्या पाण्यावर गहू कसाबसा धरून ठेवला. आता तो ओंबीवर आला होता आणि शेवटची पाळी येत्या सोमवारी होती. ती गेली की गहू गेला, मग पेटी सोन्याची असली तरी काय तिच्या पोळ्या करणार होतो?

कारण मला माहीत होतं. कारणाचं नाव पुंडलिक. माझा चुलतभाऊ, माझ्या मागचं नाल्याकाठचं शेत त्याचं. नऊ वर्षांपूर्वी धुऱ्यावरची, म्हणजे दोघांच्या बांधावरची, बोरी मी तोडली. ती माझी होती. तो म्हणतो त्याची. तेव्हापासून बोलणं बंद. सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरीनं यादी वाचली, "चार नंबर, नाही. अकरा नंबर, नाही," तसा मी उभा राहिलो.

"माह्या पेटीले कोण हात लावते ते मले माहीत आहे. ज्याले नऊ वर्षांपासून बोरीचा काटा रुतून राह्यला, थोच!"

सगळ्यांनी पुंडलिककडं पाहिलं. त्यानं चपला घातल्या आणि निघून गेला. मी सगळ्यांना म्हटलं, पाहा, पळाला.

घरची मात्र म्हणाली, "पुंडलिक भाऊजी कायले तुमच्या पेटीले हात लावतीन? त्याईले स्वताच्या गुडघ्याले हात लावनं होत नाई."

बायकांना राजकारण कळत नाही. मी पेटी खांबावरून सोडवली, थैलीत घातली, भाकरी आणि ठेच्याचा डबा घेतला, आणि गुरुवारी सकाळी केनवडच्या फाट्यावर येऊन उभा राहिलो.

एसटीत

रिसोडपर्यंत उभा आलो. कोणी जागा दिली नाही. आजकाल पांढऱ्या केसांना मान नाही, पण वायरींना आहे, हे मला रिसोडच्या पुढं कळलं. दुसऱ्या गाडीत कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"बाबाजी, थैलीतून वायरी बाहेर येऊन राह्यल्या. काय आहे?"

"पेटी."

"कायची?"

"मातीशी बोलते."

"आन् काय बोलते?"

"तेच इचाराले चाललो. बंद पडली. हलवली की एखाद्या वेळी लाल लाईट लागते."

मी हलवून दाखवली. लागली. बाजूचा माणूस उठला, त्याच्या पलीकडचाही उठला. वाशीमपर्यंत तीन जणांच्या बाकावर मी एकटा, पाय पसरून. उभे असलेले लोक दांड्याला धरून माझ्याकडं असं पाहत होते जसा मी आमदार आहे. कंडक्टर मात्र भला माणूस. उतरताना म्हणाला, "बाबाजी, परतीले याच गाडीनं नका येऊ."

वाशीम

वाशीमला बाजारात रज्जाक मिस्त्रीचं दुकान आहे. त्याच्या बापानं माझा रेडिओ दुरुस्त केला होता, तो अजून वाजतो. कॉलेजवाल्यांकडं जाण्याआधी घरच्या माणसाला दाखवावं म्हणून गेलो. आलूबोंडे मागवले. वाशीमच्या आलूबोंड्याबरोबर मिरची तळून देतात, पण मोजून एक. आमच्या केनवडच्या बाजारात मूठभर टाकतात आणि विचारत नाहीत. जिल्ह्याचं ठिकाण झालं की मिरचीही कार्यालयीन होते.

रज्जाकनं पेटी उघडली, मीटर लावलं.

"चाचा, सेल एकदम अच्छा है. लीक नाही, खराब नाही. पण पार निचोडून काढलाय याला."

"म्हंजे?"

"म्हंजे कोणीतरी या पेटीकडून लय काम करून घेऊन राह्यलं. जेवढं हिचं आहे त्याच्या दहापट."

मी मांडीवर थाप मारली. "पुंडलिक!"

"कोण पुंडलिक?"

मी सगळं सांगितलं. रज्जाकनं मिरचीचं देठ काढत ऐकून घेतलं. "चाचा, तुमच्या भावाला रेडिओ तरी लावता येतो का?"

"नाही."

"मग हा हवेतून करंट कसा काढंल? विज्ञानात पहिला आलता काय?"

रज्जाकचा बाप जास्त हुशार होता.

संध्याकाळच्या गाडीनं कारंजा. तिथं व्याह्याकडं मुक्काम. जेवायला आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, वरण-भात, आणि चहा असा की साखर त्याला लांबूनच दाखवली होती. व्याही म्हणाले, आमच्याकडं आता कमी गोडाचाच घेतात. माणूस शहरात गेला की आधी साखर सोडतो, मग पाहुण्यांचा आग्रह. पण गादी मऊ दिली, खोटं कशाला बोलू.

कारंज्याचं कॉलेज

शुक्रवारी सकाळी कॉलेज शोधलं. ज्या मॅडमनी पेट्या बनवल्या त्या तिसऱ्या मजल्यावर बसतात. जिना चढून गेलो. मला वाटलं चष्मा, पांढरे केस, टेबलावर घंटी. पाहतो तर माझ्या लहान मुलीएवढी बाई, हाताला सोल्डरचे डाग, आणि पायात चप्पल नाही कारण ती एका वायरीखाली टेकण म्हणून लावलेली.

"चार नंबर!" त्या पेटी पाहून म्हणाल्या. "काकाजी, तुम्ही स्वतः आणली? आम्ही माणूस पाठवणार होतो."

"तुमचा माणूस बॅटरी बदलते. मले कारण पायजे."

बाईला ते आवडलं असावं. त्यांनी नवी बॅटरी घातली, पेटी गच्चीवर नेली, मैदानाच्या पलीकडं शिपायाला ऐकणारं यंत्र घेऊन उभं केलं आणि संगणक मांडीवर घेतला. पडद्यावर एक हिरवी पट्टी. पेटी बोलली की पट्टी उभी राहायची, छातीएवढी. एक तास गेला, पेटी शहाण्यासारखी वागली. पंधरा मिनिटांतून एकदा बोलायची, मग झोपायची.

"बाकी वेळ झोपते?" मी विचारलं.

"बॅटरी तिथंच वाचते, काकाजी. मोजायला काहीच लागत नाही. सगळी ताकद बोलण्यात जाते. जो कमी बोलतो तो जास्त जगतो."

हे वाक्य मी घरी दोनदा सांगून पाहिलं. उपयोग नाही.

दुपार झाली. मी डबा सोडला, म्हटलं तुम्हीही घ्या. त्यांनी ठेच्यासोबत दीड भाकर खाल्ली, डोळ्यातून पाणी काढत, पण सोडली नाही. अमरावतीच्या आहेत, मग बरोबर. जेवण झालं तसा त्यांनी माझा रिकामा स्टीलचा डबा उचलला आणि मला म्हणाल्या, "गंमत पाहा." आणि तो डबा पेटीवर पालथा घातला.

पडद्यावरची पट्टी बसली. छातीएवढी होती ती घोट्याएवढी झाली. डब्याखालून लाल लाईट लुकलुकायला लागली. एकदा. पुन्हा. पुन्हा. थांबेच ना.

"आता ती ओरडून राह्यली," मॅडमही वऱ्हाडीवर आल्या. "तिकडून कोणी 'ऐकलं' म्हणत नाही, म्हणून पुन्हा ओरडते. आवाज वाढवून ओरडते. धातूतून आवाज नीट बाहेर पडत नाही ना, दहादा ओरडावं तेव्हा एकदा पोचतो. अशी दिवसभर ओरडली तर वीस दिवसांत संपते."

"वीस," मी म्हटलं.

"पण शेतात असं कोण झाकणार?" त्या हसल्या. "झाकलं नव्हतं ना काही?"

मी गच्चीच्या कठड्याकडं पाहिलं. तिथं एक कबूतर बसलं होतं. ते माझ्याकडं पाहत होतं.

"कोण झाकते," मी म्हटलं.

माझा डबा मी पुसून थैलीत ठेवला. खरं तर तो धुवायचा होता.

मॅडमना वाटलं, गावात काही आडवं येत असावं, एखादा टिनाचा गोठा वगैरे. म्हणून त्यांनी कपाटातून नवी वस्तू काढली. एक आडवी पट्टी, तिच्यावर चार काड्या उभ्या. मी वीत लावून पाहिलं, दोन काड्यांतलं अंतर माझ्या वितीपेक्षा दोन बोटं कमी, सगळीकडं सारखं.

"एका काडीनं चारी दिशांना ओरडण्यापेक्षा चौघींनी मिळून एकाच दिशेला बोलायचं. ताकद कमी, आवाज लांब."

"चौघी एकदम?"

"एकदम. जो नेमका समोर आहे त्याला चौघींचा आवाज एकाच वेळी पोचतो, मिळून मोठा होतो. बाजूला असलेल्याला एकीचा आधी, दुसरीचा मागून, मग ते एकमेकांना मारून टाकतात."

मला हसू आलं. हे शिकायला ही बाई किती वर्षं कॉलेजात गेली असेल! आम्ही चार भाऊ, पुंडलिक धरून, ज्वारीत रानडुकरं आली की धुऱ्यावर ओळीनं उभे राहून एकदम हाळी द्यायचो. समोरचं डुक्कर पळायचं, आणि बाजूच्या कोपऱ्यातलं निवांत कणसं खात राहायचं. मी सांगितलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. आता कुठल्या पुस्तकात आमची डुकरं आली तर समजून घ्या.

"एक प्रश्न," मी म्हटलं. "ओळीत उभे राह्यलो तर मांगच्यालेही येकदमच ऐकू येईन. पुढं तसं मांगं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकाजी, हे आमची पोरं परीक्षेत विसरतात. बरोबर. या चार काड्या जेवढं पुढं बोलतात-ऐकतात, तेवढंच पाठीमागं. म्हणून हा पत्रा आहे." त्यांनी हातभर लांब चकचकीत पत्रा काढला. "हा पाठीला स्क्रूनं लावायचा. मागचं बंद, सगळं पुढं, टाकीकडं. बॅटरी दुप्पट चालेल."

"मंग लावा ना!"

"लावता येईल. पण तुमच्या मागं एक पेटी आहे." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "अकरा नंबर. ती नाल्याच्या खोलगटात आहे, तिचा आवाज टाकीपर्यंत जातच नाही. ती तुमच्या पेटीला सांगते, तुमची टाकीला सांगते. तुमची बंद पडली की ती पण बंद."

"दोन पाळ्या..."

"तिच्याही हुकल्या असणार. तुमच्यासोबतच. पत्रा लावला तर तिच्यासाठी वेगळा खांब लागेल, तो पुढच्या वर्षी मंजूर होईल." त्यांनी पट्टी आणि पत्रा दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "शेत तुमचं, पेटी तुमची. सोमवारची पाळी तुम्हाला दोन्ही प्रकारे मिळते. तुम्हीच ठरवा."

चार नंबर, नाही. अकरा नंबर, नाही. सेक्रेटरीनं वाचलं होतं. माझ्या कानांनी ऐकलंही होतं. पण मी तेव्हा भाषण करण्यात गुंतलो होतो. पुंडलिकचाही गहू ओंबीवर होता, आणि त्याच्याकडं तर विहीरही नाही. आणि तो चपला घालून गेला.

"मॅडम," मी विचारलं, "ते अकरा नंबर रोज माह्या पेटीशी बोलत होतं?"

"दर पंधरा मिनिटांनी."

नऊ वर्षं आम्ही बोललो नाही आणि आमच्या पेट्या दिवाळीपासून गप्पा मारत होत्या. आम्हाला न विचारता.

निघताना मॅडमनी लावायची रीत समजावली. एक जण चार नंबरपाशी पट्टी फिरवेल, दुसरा अकरा नंबरपाशी लाईट पाहील. लालचा हिरवा झाला की बरोबर दिशा. "दुसरा माणूस आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "बोलत नाही, पण आहे."

परत

शनिवारी परतलो. दुसऱ्या गाडीनं आलो, कंडक्टरला शब्द दिला होता. या वेळी वायरी आत कोंबल्या होत्या, त्यामुळं वाशीमपर्यंत उभा. थैलीतला पत्रा प्रत्येक वळणावर माझ्या पोटरीला लागत होता. वाशीमच्या बाजारात रज्जाकनं लांबून हात केला, "चाचा, मिला क्या चोर?" मी गर्दीत ऐकू न आल्यासारखं केलं. बहात्तराव्या वर्षी एवढी सवलत मिळते.

घरी पोचलो तशी घरचीनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "काय म्हने मॅडम? कोनाचा हात होता?"

"तपास चालू आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग थैलीतल्या पत्र्याकडं, आणि भाकरी थापायला गेली. चाळीस वर्षांत त्या बाईनं मला इतक्या कमी शब्दांत कधी हरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, मी शेतात गेलो. रिकाम्या खांबावर पिपा तसाच पालथा होता, त्यावरचा दगड आधी खाली ठेवला. पिपा उचलून विहिरीआड ठेवला. पेटी खांबाला बांधली, चार काड्यांची पट्टी बसवली, पत्रा थैलीतच राहू दिला. पुंडलिक पलीकडं पाठ करून उभा होता, गव्हात. त्याला नावानं हाक मारणं शक्य नव्हतं, माझीही काही इज्जत आहे.

"ओ अकरा नंबर!"

तो वळला नाही.

"अकरा नंबर! पेटीपाशी जाय! लाईट पाय कोन्ता आहे!"

मग तो गुडघ्यावर हात ठेवत ठेवत खांबापाशी गेला.

"लाल!"

मी पट्टी थोडी फिरवली.

"लाल!"

अजून थोडी.

"लाल... थांब. थांब ना बे! हिरवा!"

मी स्क्रू आवळले. तो धुऱ्यापर्यंत चालत आला, जिथं बोरीचं खोड आहे, आणि माझ्या खांबाकडं पाहत राहिला.

"याच्यावर पिपा होता ना तुहा? कुठी गेला?"

"वाऱ्यानं उडला."

"दगडासकट?"

मी थैलीतून पत्रा आणि घरून आणलेलं चहाचं सामान काढलं. धुऱ्यावर तीन दगड मांडले, त्यातला एक तोच. पत्रा वाऱ्याच्या बाजूनं आडोशाला उभा केला, काटक्या पेटवल्या, आणि साखर नेहमीपेक्षा जास्त टाकून दोघांपुरता चहा ठेवला.